ऐकण्याचा विनोद : पु. ल. देशपांडे यांचे रंगमंच, पडदा आणि आकाशवाणीवरील कार्य

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

पु. ल. देशपांडे यांची मराठी वाचकाला नव्याने ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत जन्मलेला आणि १२ जून २००० रोजी पुण्यात निवर्तलेला हा लेखक नाटककार होता, नट होता, दिग्दर्शक होता, संगीतकार होता, उत्तम पेटीवादक होता आणि काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठीचा प्राध्यापकही होता. 'व्यक्ती आणि वल्ली' या पुस्तकाला १९६५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७४ साली इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. अशा माणसाविषयी लिहिताना बहुतेक लेख 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व' या शब्दांपाशी येऊन थांबतात. परंतु हे शब्द म्हणजे कौतुक झाले, उत्तर नव्हे. एकाच माणसाचा विनोद रंगमंचावर रंगतो, रेडिओवर रंगतो, आणि चित्रपटात मात्र त्याचा मुक्काम थोडा असतो, असे का व्हावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पु.लं.चा विनोद मुळात कानासाठी लिहिलेला आहे. तो कागदावर असतो तेव्हाही कोणीतरी आपल्याला सांगत आहे असेच वाटते. जे माध्यम बोलणाऱ्या माणसाला पुरेसा वाव देते तेथे हा विनोद फुलतो, आणि जे माध्यम त्याच्याकडून बोलण्यापेक्षा दाखविण्याची अपेक्षा करते तेथे तो थोडा संकोचतो. हा विचार आपल्या भागातील विद्यार्थ्याला सुचणे स्वाभाविक आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. जत्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या तेथे लागतात, आणि जुन्नर-आंबेगावच्याच नव्हे तर दूरदूरच्या गावांचे कारभारी सुपारी देण्यासाठी येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारख्या, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या कलावतीचे नाव ज्या मातीशी जोडलेले आहे, त्या मातीत वाढलेल्याला बोलून हसविण्याची कला पुस्तकातून शिकावी लागत नाही.

१. सोंगाड्याचे हत्यार

तमाशाची मांडणी आपणा सर्वांना माहीत आहे. आधी गण, मग गौळण, त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग. यांतील गण, गौळण आणि लावणी ही गाण्याची बाजू झाली. बतावणी ही मात्र निव्वळ बोलण्याची कला आहे. तेथे सोंगाड्याजवळ नेपथ्य नसते, फारसे सामान नसते. त्याच्याजवळ असतो तो आवाज आणि समोर बसलेल्या माणसांची अचूक पारख. गावात दुपारी काय घडले, कोणाची विहीर कोरडी पडली, कोण निवडणुकीत पडला, हे तो रात्री बोर्डावर आणतो. वगात राजा असो की पाटील, सोंगाड्या त्याला जे सुनावतो ते चावडीवर सुनावण्याची कोणाची छाती नसते. तमाशाचे बहुसंख्य कलावंत गावकुसाबाहेरच्या आणि भटक्या जातींतून आले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या हसण्याची किंमत कळते.

पु.ल. हे पार्ल्यात वाढलेले, मध्यमवर्गीय, पांढरपेशा घरातले लेखक. त्यांचा या बोर्डाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दोन प्रकारचा आहे. एक तर तो सरळ आहे. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी त्यांनी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य लिहिले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने ते गावोगावी केले, आणि निळू फुले यांच्यासारखा नट त्यातील 'रोंगे'च्या भूमिकेमुळे लोकांच्या नजरेत भरला. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षे झाली होती, आणि पुढारी नावाचा नवा प्राणी गावात वावरू लागला होता. त्याला हसण्यासाठी पु.लं.नी शहरी प्रहसनाचा घाट न घेता तमाशाचा घाट घेतला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे गाजलेले लोकनाट्य त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९६५ साली आले.

दुसरा संबंध आडवळणाचा आहे, पण अधिक खोल आहे. १९६१ पासून पु.ल. 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर एकट्याने सादर करू लागले. साठ बिऱ्हाडांची चाळ आणि रंगमंचावर माणूस एक! वेष बदलण्याची सोय नाही, पडदे नाहीत. एका क्षणी तो चाळीतला एक भाडेकरू असतो, दुसऱ्या क्षणी त्याच्याशी भांडणारा शेजारी. मधेच तो प्रेक्षकांकडे वळून त्या दोघांविषयी चार शब्द सांगतो, आणि परत आत शिरतो. हे पाश्चात्त्य एकपात्री प्रयोगासारखे आहे असे आपण म्हणतो. पण आपल्याकडचा कीर्तनकार उत्तररंगात हेच करतो, आणि बतावणीतला सोंगाड्याही हेच करतो. प्रेक्षकाशी थेट बोलण्याचा परवाना ही या तिघांची समाईक इस्टेट आहे.

२. नाटक : दुसऱ्याचे बी, आपली माती

पु.लं.च्या नाटकांकडे पाहताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्यांच्या अनेक नाटकांचे मूळ परदेशी आहे. 'अंमलदार' (१९५२) हे गोगोल या रशियन लेखकाच्या नाटकावरून, 'ती फुलराणी' हे बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आणि 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) हे ब्रेख्तच्या नाटकावरून आलेले आहे. यावरून काही जण म्हणतात की त्यांची स्वतंत्र नाट्यनिर्मिती थोडी. 'तुझे आहे तुजपाशी' (१९५७) हे स्वतंत्र नाटक आणि त्यातले काकाजी व आचार्य डोळ्यांसमोर आणले तर हा आक्षेप पुरता टिकत नाही. तरीही रूपांतरांचे प्रमाण मोठे आहे, हे मान्य करावे लागेल.

माझ्या मते रूपांतरातच त्यांचा कान दिसतो. गोगोलच्या नाटकातील घटना साधी आहे. एका लहानशा गावात वरून तपासनीस येणार अशी कुणकुण लागते, आणि भलत्याच तरुणाला तपासनीस समजून सगळे अधिकारी त्याच्या पुढेपुढे करू लागतात. ही घटना आंबेगावच्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही. साहेब येणार म्हणून एका रात्रीत रंगणारी भिंत आणि सकाळी अचानक वेळेवर उघडणारे कार्यालय त्याने पाहिलेले असते. घटना उचलणे सोपे आहे. अवघड आहे ते त्या प्रत्येक घाबरलेल्या माणसाला मराठीत बोलायला लावणे. घाबरलेला मराठी कारकून आणि घाबरलेला रशियन कारकून यांच्या भीतीत फरक नसेल, पण त्यांच्या वाक्यांत असतो. अर्जव करताना मराठी माणूस वाक्य कोठे तोडतो, खोटे बोलताना 'म्हणजे' हा शब्द किती वेळा घालतो, हे ज्याने ऐकले आहे त्यालाच असे रूपांतर साधते.

'तीन पैशाचा तमाशा' पुण्याच्या थिएटर अकॅडमीने डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणला. ब्रेख्तने १९२८ मध्ये हे नाटक लिहिले तेव्हा त्यानेही जॉन गे याचे दोनशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी नाटक आधाराला घेतले होते. चोर, भिकारी आणि पोलीस यांची ती कथा. प्रेक्षकाने गोष्टीत वाहवून न जाता विचार करावा, म्हणून पात्रांनी मधेच थांबून त्याच्याशी बोलावे, गावे, असे ब्रेख्तला वाटे. युरोपात ही नवी युक्ती ठरली. आपल्याकडे तमाशाच्या बोर्डावर ती आधीपासूनच होती. पु.लं.नी ते ओळखले आणि नाटकाच्या नावातच तमाशा आणला.

३. आकाशवाणी : जेथे चेहरा नाही

१९५५ साली पु.ल. आकाशवाणीच्या सेवेत दाखल झाले. १९५८ साली ते प्रशिक्षणासाठी लंडनला बी.बी.सी.मध्ये गेले. 'अपूर्वाई' हे प्रवासवर्णन आपल्याला त्या प्रवासातून मिळाले. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शनचा आरंभ झाला तेव्हाही ते तेथे होते, आणि पंडित नेहरूंची दूरदर्शनवरील पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांच्याकडे जातो.

आकाशवाणीवरील नाट्य म्हणजे श्रुतिका. तिच्यात नटाचा चेहरा नाही, पोशाख नाही, हातवारे नाहीत. पात्र दारातून आत आले हे दाराच्या करकरण्यावरून कळले पाहिजे, आणि ते कोण आहे हे त्याच्या पहिल्या दोन वाक्यांत कळले पाहिजे. सर्वच पात्रे एकसारखी बोलू लागली तर श्रोता गोंधळतो आणि बटण फिरवितो. म्हणून श्रुतिका लिहिणाऱ्याला प्रत्येक पात्राची बोलण्याची लकब वेगळी ठेवावीच लागते. ही शिस्त पु.लं.च्या स्वभावात आधीपासून होती. आकाशवाणीने तिला धार आणली असावी. त्यांची रेडिओवरील भाषणे आणि श्रुतिका पुढे पुस्तकरूपानेही प्रसिद्ध झाल्या. त्या वाचताना पात्रांची नावे हाताने झाकली तरी कोण बोलत आहे हे ओळखता येते. कोणाही विद्यार्थ्याने हा प्रयोग करून पाहावा.

आकाशवाणीसाठीच नव्हे, पण निव्वळ आवाजावर उभी असलेली त्यांची एक कलाकृती म्हणजे 'म्हैस'. कोकणातून मुंबईकडे निघालेल्या एस.टी.समोर म्हैस येते, गाडी थांबते, आणि मग ड्रायव्हर, कंडक्टर, उतारू, म्हशीचा मालक, पोलीस असा एकेक जण त्यात पडतो. सगळे आवाज एकट्या पु.लं.चे. माझ्या आजीला लिहितावाचता येत नाही. रत्नागिरी कोठे आहे हेही तिला ठाऊक नाही. मटार सोलत बसली असताना तिला मोबाइलवर 'म्हैस' ऐकविली. म्हशीला काय झाले हे कळण्याआधीच प्रत्येक उतारू आपला सल्ला देऊ लागला, तेव्हा तिचा हात थांबला. "ही आपली घोडेगावची गाडीच हाये की!" असे ती म्हणाली. पु.लं.चे एकही पुस्तक तिने उघडलेले नाही आणि उघडणारही नाही. तरीसुद्धा पु.लं.चा विनोद तिच्यापर्यंत पोचला. वाचता येणाऱ्यांच्या पहिल्याच पिढीतील माझ्यासारखीला लेखकाचे मोठेपण मोजायला याहून बरे माप सापडत नाही.

४. पडदा : थोडा मुक्काम आणि एक परतणे

१९४७ च्या 'कुबेर'पासून पु.ल. चित्रपटांत होते. नट, लेखक, संगीतकार अशा निरनिराळ्या नात्यांनी त्यांनी सहा-सात वर्षे काम केले. 'देवबाप्पा'मधील 'नाच रे मोरा' हे गाणे आज अंगणवाडीतले मूलही म्हणते. त्याची चाल पु.लं.ची, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. १९५३ चा 'गुळाचा गणपती' हा या काळाचा कळस होय. लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि नायकाची भूमिका, सारे त्यांचेच. पंडित भीमसेन जोशींनी गायिलेले ग. दि. माडगूळकरांचे 'इंद्रायणी काठी' हे गीत याच चित्रपटातील. त्यानंतर मात्र त्यांनी चित्रपटसृष्टीकडे जवळजवळ पाठ फिरविली, आणि दोनच वर्षांत ते आकाशवाणीवर रुजू झाले.

यामागे व्यवहाराची कारणे असतीलच. पण कलेच्या बाजूनेही एक कारण दिसते. पडद्यावर विनोद करायचा तर तो पुष्कळदा शब्दावाचून करावा लागतो. चार्ली चॅप्लिनला पु.ल. फार मानीत. चॅप्लिनची काठी आणि चाल बोलते, तो स्वतः बोलत नाही. पु.लं.चे उलट आहे. त्यांच्या विनोदाला ऐकणारे समोर लागतात. हशा ओसरेपर्यंत थांबायचे, कोठे आवरते घ्यायचे, हे समोरच्या माणसांवर ठरते. कॅमेऱ्यासमोर हशा नसतो. चित्रपट एकदा चित्रित झाला की लासलगावला आणि लंडनला तोच राहतो. सोंगाड्याची बतावणी मात्र गावागणिक बदलते.

तरीही चार दशकांनी पु.ल. चित्रपटकथेकडे वळले, आणि ते कोणत्या विषयासाठी? तर एका सोंगाड्यासाठी! डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित 'एक होता विदूषक' (१९९२) ही तमाशात वाढलेल्या आबुरावची कथा आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी ती भूमिका केली. फडातला हा हजरजबाबी पोरगा चित्रपटाचा नट होतो, लोकप्रिय होतो, आणि मग राजकारणी लोक त्याच्या लोकप्रियतेचा उपयोग करून घेऊ लागतात. पुढाऱ्याला हसणारा सोंगाड्या पुढाऱ्याच्याच व्यासपीठावर जाऊन बसतो. चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना मिळाला.

'पुढारी पाहिजे' आणि 'एक होता विदूषक' ही दोन टोके शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात सोंगाड्या बाहेर उभा राहून सत्तेला हसतो. दुसऱ्यात सत्ता त्याला आत बोलावते, आणि त्याचे हसविणे संपते. मधल्या काळात आणीबाणी येऊन गेली होती. १९७७ च्या निवडणुकीत पु.लं.नी स्वतः जाहीर सभांतून तिच्याविरुद्ध भाषणे केली होती. हसविणाऱ्याने सत्तेपासून किती अंतरावर उभे राहावे, हा प्रश्न त्यांनी केवळ लेखणीने सोडविलेला नाही.

५. हसायचे कोणाला?

येथे एक आक्षेप मोकळेपणाने मांडला पाहिजे. पु.लं.च्या कानाने कोकण ऐकले, गोवा ऐकला, बेळगाव ऐकले, गिरगाव आणि पार्ले तर ऐकलेच. 'अंतू बर्वा' रत्नागिरीचा आहे, 'रावसाहेब' बेळगावचे आहेत. परंतु घाटावरची, आपल्या घोड-मीना-कुकडीच्या खोऱ्यातली बोली त्यांच्या लेखनात त्या मानाने थोडी. ग्रामीण माणसाच्या विनोदासाठी आपल्याला द. मा. मिरासदार, शंकर पाटील यांच्याकडेच जावे लागते. 'बटाट्याची चाळ' प्रथम वाचताना खेड्यातील विद्यार्थ्याला काही विनोद परके वाटतात, हेही खरे आहे. चाळीतील भ्रमणमंडळाची हौस ज्याला रोज शाळेसाठी चार मैल चालावे लागले त्याला चटकन कशी कळावी?

पण बोलीचा प्रश्न केवळ उल्लेखाचा नाही, वृत्तीचाही आहे. पु.ल. बोलीला हसतात की बोलणाऱ्याबरोबर हसतात, हे तपासले पाहिजे. त्यासाठी 'ती फुलराणी' हे नाटक घ्यावे. फुले विकणाऱ्या मंजुळेची भाषा 'शुद्ध' करण्याचा विडा एक प्राध्यापक उचलतो. भक्ती बर्वे यांनी अजरामर केलेल्या या भूमिकेत प्रेक्षक आरंभी मंजुळेच्या उच्चारांना हसतो. नाटक पुढे जाते तसे त्याच्या ध्यानात येते की खरा हास्यास्पद माणूस प्राध्यापक आहे, कारण त्याला मंजुळेचे उच्चार ऐकू येतात, पण मंजुळा ऐकू येत नाही.

महाविद्यालयात प्रथम आले तेव्हा वर्गात 'कव्हा' म्हटले की मागच्या बाकांवर हसू फुटे. आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव असेल. मग आपण हळूहळू 'केव्हा' म्हणू लागतो, आणि सुट्टीत घरी गेल्यावर 'कव्हा' म्हणणाऱ्या आईकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. प्रमाण भाषा शिकावी, परीक्षेसाठी ती लागते, नोकरीसाठीही लागते. पण ती शिकताना मंजुळेचा प्राध्यापक आपल्याच आत येऊन बसू नये, एवढी सावधगिरी हे नाटक शिकविते. माझ्या दृष्टीने पु.लं.च्या साऱ्या विनोदी नाटकांत ते म्हणूनच थोर आहे.

६. समारोप

तिन्ही माध्यमांतील कार्याचा असा विचार केला म्हणजे 'अष्टपैलू' या शब्दाचा उलगडा होतो. पैलू अनेक असले तरी खडा एकच आहे, आणि तो म्हणजे माणसांचे बोलणे ऐकणारा कान. नाटकात त्याने परक्या गोष्टींना मराठी जीभ दिली. आकाशवाणीवर त्याने चेहऱ्यावाचून माणसे उभी केली. चित्रपटात त्याला तेवढी मोकळीक मिळाली नाही, पण तेथेही शेवटी त्याने आपला पूर्वज असलेल्या सोंगाड्याचीच कथा सांगितली.

पु.ल. आज नाहीत. त्यांचा आवाज मात्र ध्वनिमुद्रिकांवर, चित्रफितींवर आणि आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलवर आहे. त्यांनी जे बोलले ते लिहूनही ठेवले, आणि ज्यांनी ऐकले त्यांनी ते जपले. बतावणीच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. ती कोणी लिहून देत नाही. सोंगाड्या ती गुरूकडून ऐकतो, बोर्डावर वाढवितो, आणि त्याच्याबरोबर ती जाते. आपल्या दोन तालुक्यांत असे वृद्ध सोंगाडे, मावशीचे काम करणारे आणि ढोलकीवाले अजूनही भेटतात. आपल्या मराठी वाङ्मय मंडळाने येत्या हंगामाआधी नारायणगावी जावे, त्यांची परवानगी घ्यावी, योग्य मानधन द्यावे आणि निदान दहा बतावण्या जशाच्या तशा, त्यांच्याच उच्चारांत, ध्वनिमुद्रित करून लिहून काढाव्यात, अशी माझी प्राध्यापकांना व सहाध्यायांना नम्र सूचना आहे. लिहून काढताना 'कव्हा'चे 'केव्हा' कोणीही करू नये.